पेठेतले रिकामे ओटे

जुन्या पेठेचे कुणी कौतुक करू लागले की मी काहीतरी काम काढून आत जाते. धुळ्याचे, शिरपूरचे पाहुणे येतात, म्हणतात, सगळ्यांनी मिळून पेठ किती छान केली! आमच्या यांना ते ऐकून बरे वाटते. मला मात्र कुणी बोट दाखवल्यासारखे होते.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पेठ बसत चालली होती. एस.टी. स्टँड हमरस्त्याला गेले आणि त्याच्या मागोमाग हॉटेले, रसवंत्या, बांगड्यांच्या गाड्या, सगळे तिकडे गेले. पेठेत उरले भांड्यांचे दुकान, सोनाराचे, एक किराण्याचे, एक बांगड्यांचे आणि आमचे. आमच्याकडे झंपराचे कापड, परकर, चीट, साध्या साड्या. सगळा माल बायकांचा, आणि बाई एकही फिरकत नसे. हे दिवसभर गादीवर बसून माश्या हाकायचे. यांचा एक मित्र सुरतेला कापडाच्या मागावर कामाला लागला होता. एकदा जेवताना हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. नाहीतर मी पण सुरत धरतो."

सुरतेला गेलेली माणसे सणाला येतात आणि पाहुण्यासारखी परत जातात, हे मी माहेरी पाहिले होते. मला नवरा घरी हवा होता. दुसरे काही नको होते.

त्याच वर्षी गावातल्या एका रिटायर गुरुजींनी पेठेतल्या सगळ्यांना गोळा केले. म्हणाले, नगरपालिकेची वाट बघत बसाल तर म्हातारे व्हाल, आपणच करू. आणि खरेच केले. लोकांनी आपापल्या दारासमोरची गटार उपसली. पुढे आलेले पत्रे कापून एका ओळीत आणले. वाटेवर शहाबादी फरशी बसवली. दारांना एकच निळा रंग दिला, वर ट्यूबलाइटा लावल्या. आम्ही बायकांनी मागच्या अंगणात वांगी भाजून भरीत केले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. एरवी एकमेकांचे तोंड न बघणारे दोन भाऊ एका घमेल्याला हात लावताना मी दाराच्या फटीतून पाहिले.

पेठ अशी झाली की ओळखू येईना. पण बाया आल्याच नाहीत. त्या जात स्टँडवरच.

मग आमच्या माजघरात बैठक भरली. मी आणि मोठ्या जाऊबाई आत चहा करत होतो. मध्ये फक्त पडदा. माझे सासरे खांबाला टेकून बसले होते. सगळी पेठ त्यांना आबा म्हणे.

भांड्यांच्या दुकानाचे नाना म्हणाले, "बाया येतीन कशा? तठे स्टँडवर गाना वाजतस ना!"

"मंग आठे बी भोंगा लावा."

"भोंगा कशाले? नानाच म्हनतीन एक गानं."

"नाना गायनात तं स्टँडवरल्या बाया बी गाव सोडी पळतीन!"

सगळे हसले. आबाही हसले. हसणे थांबल्यावर गुरुजी म्हणाले, "आपण पुरुषच बोलतोय. घरातल्या बायकांना कुणी विचारलंय का?" आणि पडद्याकडे बघून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, तुम्ही सांगा. तुम्ही बांगड्या कुठे भरता?"

जाऊबाईंनी मला कोपराने ढोसले. "बोल ना वं. तोंडमा काय सुपारी धरेल शे?" स्वतः मात्र त्या चुलीकडे वळल्या.

मला पुरुषांपुढे बोलायची सवय नव्हती. चौथीनंतर शाळा सुटली होती. पण त्या वेळी माझ्या डोक्यात सुरत होती. मी पडद्याच्या आतूनच म्हणाले, "स्टँडवर."

बाहेर कुणीतरी खाकरले. पेठेतल्या दुकानदाराचीच सून स्टँडवर बांगड्या भरते!

"का बरं?" गुरुजींनी विचारले.

खरे कारण गावातली प्रत्येक सून जाणत होती. पेठेत दोन्ही बाजूंना ओटे. दुपार कलली की प्रत्येक ओट्यावर घरातले वडीलधारे येऊन बसत. सुपारी कातरत, पेपर वाचत, जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस करत. त्यांच्यासमोरून जायचे तर सुनेने पदर कपाळावर ओढायचा, चपला काढून हातात घ्यायच्या आणि खाली बघत सरळ चालायचे. डावीउजवीकडे बघितले तर संध्याकाळपर्यंत घरी कळे. म्हणून आम्ही सगळ्या मागच्या बोळाने जात होतो, सांडपाण्यातून, लुगडे उचलून. त्या निळ्या दारांपुढून मी स्वतः एकदाही चालले नव्हते.

मी म्हणाले, "आठे मान फिरावता येत नही. वट्टावर बठ्ठा बसेल ऱ्हातस."

नाना उसळलेच. "आम्हीन काय वाघ शेतस का?"

कुणी हसले नाही. पेठेच्या मधोमधचा सर्वांत मोठा ओटा आमचा, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ बसणारे आमचे आबा. हे सगळ्यांना माहीत होते. मी कुणाचे नाव घेतले नव्हते, पण घेतल्यासारखेच झाले. भरल्या बैठकीत, त्यांच्याच घरात, त्यांच्याच सुनेने. माझे कान तापले. चहा उतू गेला तरी मी पातेले उतरवले नाही.

आबा रागावले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपले घोंगडे, पानाची डबी उचलली आणि घरातून चालत मागच्या बोळात जाऊन बसले. आठवड्याभरात नानाही तिकडे गेले, मग बाकीचे. पुढचे ओटे रिकामे झाले.

आणि बाया आल्या. आधी दोघी-तिघी, घाईघाईने. मग आठवडे बाजाराला खेड्यातल्या आल्या, थांबल्या, कापड चिमटीत धरून भाव करू लागल्या, मोठ्याने हसू लागल्या. गुरुजी सगळ्यांना सांगत, हे सूनबाईंचे श्रेय. ते ऐकले की मला वाटे, फरशी उचलावी आणि खाली जावे.

कारण मी रोज दुपारी आबांना चहा द्यायला मागे जात होते. तिथे मोरीचे पाणी वाहत होते, भिंतीला गोवऱ्या लावलेल्या होत्या. जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे रामराम घेतलेला माणूस तिथे गोवऱ्यांकडे बघत बसलेला असे. पहिल्या दिवशी मी सवयीने चपला काढल्या. ते म्हणाले, "चप्पल घाल, माय. आठे काटा शेतस." बोलणे इतकेच. मी घातल्या. त्यांच्यासमोर चपला घालून उभे राहायची जेवढी लाज वाटली, तेवढी मला आतापर्यंत कशाचीच वाटली नव्हती.

दिवाळीच्या बाजाराला दुकानात उभे राहायला जागा नव्हती. सुरतेचे नाव यांच्या तोंडून केव्हाच गेले होते. हे घामाघूम होऊन आत आले आणि मला म्हणाले, "आबांना पुढे बोलाव. आज त्यांनी बघावं."

मी चहा घेऊन मागे गेले. ट्यूबलाइटा सगळ्या पेठेत, बोळात अंधारून आले होते. नाना घरी गेले होते, आबा एकटेच होते. पुढचा गलबला भिंतीवरून ऐकू येत होता.

"गर्दी शे का?" त्यांनी विचारले.

"शे, आबा."

"बाया शेतस?"

"बठ्ठ्या बायाच शेतस."

"मंग चांगलं व्हयनं," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

यांचा निरोप माझ्या ओठांवर आला होता. आबा पुढे जाऊन बसले असते, तर दुकानातल्या बायांनी पदर ओढले असते, कापड खाली ठेवले असते, आणि त्या एकेक करून निघून गेल्या असत्या. ते मला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक असावे. मी निरोप सांगितला नाही. कपबशी घेतली आणि आत येऊन यांना म्हणाले, "ते म्हणतात, मी इथेच बरा."