फुलबाबूंची चिकोरी

फुलबाबूंना माणसाचं नाव लक्षात राहत नसे, फूल राहत असे. सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीचा कंडक्टर दिसला की ते म्हणत, "हा इम्पेशन्स, उतावळ्यांचं फूल. म्हातारी चढायच्या आत शिट्टी मारते." नोकरी तहसिलीत बाबूची, पण जीव सगळा नागपूरहून आणलेल्या विलायती फुलांच्या अर्कात. रोग शरीराला होतच नाही, स्वभावाला होतो, असं त्यांचं ठाम मत. स्वभाव ओळखा, त्या फुलाचे चार थेंब जिभेवर टाका, झालं.

मी पांढुर्ण्याहून मास्तर होऊन आलो आणि त्यांच्याकडे खोली घेतली. सामान लावताना त्यांनी ट्रंक माझ्या पायावर ठेवली आणि 'माफ करा' मी म्हणालो. ते हरखलेच. "पाइन! चूक दुसऱ्याची, अपराधी हा! इतका शुद्ध नमुना पुस्तकातही नाही." निदान अचूक होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. महिनाभर थेंब घेऊनही गुण आला नाही, म्हणून मी त्यांची माफी मागायला गेलो. "पाहा," ते बायकोला ओरडून म्हणाले, "लक्षण किती पक्कं आहे!"

लोक त्यांची मजा घेत. "बाबूजी, माह्या म्हशीले कोन्तं फूल देऊ?" दूधवाला विचारी, आणि बाबू गंभीरपणे म्हशीच्या स्वभावाची चौकशी करत. स्वतःचं फूल विचारलं तर मात्र म्हणत, "माझी प्रकृती समतोल आहे." मग आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज येई, "हो बाप्पा, सारं गाव वाकडं, तुमीच एक सिधे!"

काकू म्हणजे चिकोरी. जीव लावायचा आणि सगळ्यांनी आपल्याकडेच पाहावं असा हट्ट धरायचा, ती माणसं म्हणे चिकोरी. काकूंच्या उजव्या बरगडीखाली कळ येई. बाबूंचं निरीक्षण बारीक होतं. "पाहुणे आले की हिचं पोट दुखते. एरवी नाही. लक्ष वेधायचं असते, दुसरं काय?"

पोळ्याला बोरगावचे पाहुणे जेवून गेले आणि काकू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या. घामानं लुगडं ओलं, उलट्या थांबेनात. बाबू बाटली घेऊन समोर उभे. "आ कर."

"मले नागपूरले न्या. मी मरून राहिली."

"मरून नाही, रुसून राहिली," बाबू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले आणि काकू पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. "मास्तर, चाला." घरमालकाची बायको त्याला न विचारता नागपूरला नेतोय, या विचारानं गाडीत सावनेरपर्यंत मी दर थांब्यावर मागे वळून पाहत होतो. "बाबूजींना विचारायला हवं होतं," मी पुटपुटलो.

"सारा जलम इचारूनच राहिली मी," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचारलं, दुखतं कधी? "पाहुणे आले का," काकूंनी नवऱ्याचं निदान सांगून टाकलं.

"पाहुण्यांना काय करता?"

"पुरणपोळी, वर तूप. भजे, वडे."

डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी तपासलं. पित्ताशय खड्यांनी भरलं होतं. आणखी एखादा सण असाच काढला असता तर कठीण होतं, म्हणाले.

निरोप मिळताच बाबू आले. काकूंना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा ते बाहेर बाकावर बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी खिशातली बाटली काढली आणि थेंब न मोजता तोंडात रिकामी केली. कोणतं फूल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

काकूंनी खडे औषधाच्या बाटलीत घरी आणले. पहिल्याच सकाळी बाबूंच्या चहाशेजारी बाटली ठेवून म्हणाल्या, "वळखा जी. चिकोरीच हाय का पाहा."

बाबूंनी काकूंना तेल-तूप तेवढं बंद केलं. थेंब पुन्हा कधी दिले नाहीत. माझ्याशी मात्र बोलणं सोडलं. "माझा रोगी पळवला," असं गावात सांगत. शेवटी मी लोधीखेड्याला बदली मागून घेतली. निघताना ते बाहेर आले नाहीत. मी काकूंपुढे हात जोडले. "माझ्यामुळे तुमच्या घरात हे असं झालं. माफ करा."

"कायची माफी, मास्तर?" काकू फणकारल्या. "मी जित्ती आहो न!"