निळी पट्टी

"पट्टी कुठंय गं?"

"असेल इथंच. जाते कुठं?"

"बोटाला असायला पाहिजे. दुसरा हातमोजा काढ."

"काढलाय की, जाऊबाई. आता काय कातडं सोलून दाखवू?"

जॅमच्या कारखान्याच्या दारात हात तपासायचं काम थोरलीकडं होतं. येणाऱ्या बाईची नखं, अंगठी, खोकला, खरूज, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. बाया तिला माघारी 'नाकाबंदी' म्हणत. कुणाचं बोट कापलं असेल तर ती त्यावर निळी पट्टी चिकटवायची, वरून हातमोजा घालायला लावायची, आणि सुटताना पट्टी जागेवर आहे का बघायची. निळी अशासाठी, की तसल्या रंगाचं फळ देवानं केलेलंच नाही. मालात पडली तर लगेच डोळ्यांत भरावी. पण रटरटणाऱ्या कढईत बुडाल्यावर कसला रंग आणि कसलं काय.

धाकटी तिची सख्खी जाऊ. तिला इथं थोरलीनंच चिकटवलेली. धाकटीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळं घरातली चूल हिच्या एकटीच्या हातावर पेटायची. आणि त्या हाताचं एक बोट चार दिवस ठणकत होतं.

हातमोजे उलटे केले, टोप्या झटकल्या, मोरीची जाळी खरवडली, सालींचा ढीग उपसला. पट्टी नाही. बाया एकेक करून निघून गेल्या, तशी धाकटीचा आवाज खाली आला.

"मोरीतनं वाहून गेली म्हणा ना. नाहीतरी उकळलेलंच आहे सगळं."

"उकळून जंतू मरतात. पट्टी विरघळते होय? कुणाच्या पोराच्या घासात आली म्हणजे?"

"आणि माझ्या पोरांच्या घासाचं काय?"

थोरली जिना चढून साहेबाकडं गेली.

अख्खी कढई मागच्या खड्ड्यात ओतली. गांधीलमाश्यांची चंगळ झाली. धाकटीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दोघींच्या स्वयंपाकघरांमधलं दार त्या संध्याकाळी पलीकडून लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली रोजच्यासारखे रबरी बूट धुवायला बसली. बूट कारखान्याचे, दारातच राहायचे. धाकटीचा बूट पालथा केला, आत हात घातला, तर पुढं पायाच्या बोटांच्या जागी काहीतरी चिकटलेलं लागलं. निळं. पायमोजा वर ओढताना घसरून उतरली असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्यांनी हातापासून कढईपर्यंत शोधलं, पायाकडं एकीचंही लक्ष गेलं नाही. नाकाबंदीचंसुद्धा.

साहेबानं पट्टी कागदानं उचलली.

"मालात नव्हतीच पडली, साहेब. तिला परत घ्या."

"माल तर गेला ना? आणि तिच्या जागी दुसरी ठरवलीय, उद्यापासून येईल." त्यानं पट्टी टोपलीत टाकली आणि हात धुतले. "बूट कालच का नाही बघितले?"

थोरली पुन्हा बूट धुवायला बसली.

संध्याकाळी तिनं मधलं दार वाजवलं. "पट्टी सापडली गं. बुटात होती."

आत भांडं घासण्याचा आवाज थांबला.

"बरं झालं. आता तुमच्या तोंडाला लावा."

पुन्हा घासण्याचा आवाज सुरू झाला. थोरली आपल्या चुलीकडं वळली. मधलं दार नंतरही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रांगेत नवी बाई होती, धाकटीचेच बूट घालून.

"हात पुढं कर. उलटे. हं. आता बूट काढ."

"बूट? मावशी, फळं काय पायानं कापायची आहेत का?"

मागच्या बाया फिस्सकन हसल्या.

"काढ म्हणते ना."

थोरलीनं बुटात कोपरापर्यंत हात घातला, बोटांपर्यंत चाचपलं. आत नुसती ओल होती.

"जा आत. चल गं, पुढची."