शमशुद्दीनभाईंचा राहता बुरूज

वारज्यातल्या आमच्या मंगल कार्यालयाची मी व्यवस्थापक. भिंतीवरच्या पाट्या मीच लिहिते. ‘हात धुण्याच्या जागी पाय धुऊ नयेत’, ‘नवरदेवाच्या मित्रांनीही चपला बाहेरच काढाव्यात’ वगैरे. लोक फोटो काढून हसतात, पण चपला बाहेर काढतात. सकाळी नऊला कार्यालय रिकामं म्हणजे रिकामं. मग आत कोणाची मावशी रडत का असेना. माझ्याबद्दल एवढं पुरे. सांगायचंय ते शमशुद्दीनभाईंबद्दल.

शमशुद्दीनभाई खडकीचे. लग्नाचे सेट उभारतात. राजस्थानी महाल, बर्फाचा डोंगर, जे मागाल ते. समोरून बघाल तर डोळे दिपतील. मागे गेलात तर बांबू, सुतळी आणि लपून विडी ओढणारे वाढपी. त्यांची बायको सकीना म्हणते, "ह्यांच्या महालात कोणी राहायला गेलं, तर दारातून आत आणि लगेच पलीकडून बाहेर." भाई हसतात, पण ते त्यांना लागतं. एकदा चहा पिताना मला म्हणाले होते, "वासंतीताई, एक तरी अशी वास्तू बांधायची आहे, जिला आतली बाजू असेल."

ती संधी आणली श्रद्धाने. ही आयटीतली मुलगी, नोकरी स्कॉटलंडमध्ये, नवरा संतोषही तिथेच. संतोषने तिला लग्नाचं विचारलं ते एका जुन्या दगडी बुरुजात, म्हणून रिसेप्शनला स्टेजऐवजी तसाच बुरूज हवा. तिने फोटो दाखवले. किल्ल्याच्या तटाला असतो तसला बुरूज नव्हे; हा एकटाच उभा, आणि माणसं त्यात राहायची. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या जमीनदारांची आपसात भांडणं, एकमेकांची गुरं पळवायची. म्हणून ज्याने त्याने खोलीवर खोली रचून उंच घर बांधलं. तळाला कमानीचं छत, तिथे धान्य. त्यावर बैठकीचं दालन, त्यावर मालकाची खोली, सगळ्यात वर पहारा. शेजाऱ्यावर एवढा अविश्वास बघून मला ती माणसं एकदम पेठेतली वाटली.

"आणि जिना?" भाईंनी विचारलं.

"एकच. भिंतीच्या पोटात, गोल गोल, एका माणसापुरता," श्रद्धा म्हणाली. "चढणाऱ्याचा उजवा हात मधल्या खांबाला अडतो. म्हणजे शत्रूला तलवार फिरवता येत नाही, असं तिथले गाईड सांगतात."

भाईंचे डोळे असे चमकले, की मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्यांनी लॉनवर बुरूज उभा केला तो चारी बाजूंनी. वरचे मजले गाळले, पण खालचे दोन अगदी फोटोबरहुकूम. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर खरखरीत गिलावा. खिडक्या बाहेरून फटीएवढ्या आणि आत रुंद होत गेलेल्या, भिंतीच्या जाडीतच बसायला बाक. दालनात मोठी चूल, शेकायची आणि रांधायचीही. भाई तिच्या धुराड्याला आतून काजळी फासत होते, तेव्हा मी म्हटलं, "तिथे वाकून कोण बघणार आहे?"

"कोणी बघितलंच तर?" ते म्हणाले.

संध्याकाळी रिसेप्शन सुरू झालं. नवरा-नवरी वर दालनात बसली. आता आपल्याकडची रीत काय? एका बाजूने स्टेजवर चढायचं, पाकीट द्यायचं, फोटोत दात दाखवायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरून थेट जेवणाकडे. इथे दुसरी बाजूच नव्हती. वर गेलेली मंडळी उतरायला लागली आणि खालून निघालेल्यांशी त्यांची जिन्यात गाठ पडली. श्रद्धाची आत्या आणि संतोषचे मामा, दोघंही खात्यापित्या घरचे, वळणावर समोरासमोर अडकले. आत्याबाईंच्या उजव्या हातातला पुष्पगुच्छ मधल्या खांबाला अडला. शत्रूसाठी केलेली व्यवस्था व्याह्यांनाही चोख लागू पडली. रांग पार्किंगपर्यंत गेली.

श्रद्धाचे वडील रंगनाथराव घामाघूम झाले. "अहो भाई, हे काय बांधलंत? बाजूची भिंत कापा आणि तिथून दुसरा जिना लावा!"

भाई स्वतःच करवत घेऊन आले. एक हात भिंतीवर ठेवून ते तसेच उभे राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

बुरुजाच्या दाराशी खुर्चीवर श्रद्धाची आजी बसली होती, कौशल्याआजी. गुडघे दुखरे, त्यामुळे त्या गर्दीत चढणं शक्यच नव्हतं. त्यांनी विचारलं, "वर खायला काय ठेवलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग भिंत कशाला कापताय? पोरीने सकाळपासून धड खाल्लेलं नाही. भूक लागली की येईल खाली." आणि वाढप्याला म्हणाल्या, "जिलबीची कढई इकडे आणा. बरोब्बर त्या खिडकीखाली."

वेढा घालून उपाशी ठेवणं हा असले बुरूज घेण्याचा जुना उपाय, हे श्रद्धाने मला नंतर सांगितलं. आजींनी ते कुठे वाचलं नव्हतं. त्यांनी पाच पोरं वाढवली होती.

पहिला घाणा निघाला. खिडकीच्या फटीत श्रद्धाचं नाक दिसलं. मग जिन्यात आरडाओरडा झाला, आत्या उलट्या पावली बाहेर आल्या, पाठोपाठ मामा, आणि त्यांच्यामागून शालू सावरत नवरी. गड पडला. बुरुजापुढे दोन खुर्च्या टाकल्या, रांग हलली, करवत परत गेली.

सगळे खूश. जो तो बुरुजासमोर फोटो काढत होता आणि भाईंना म्हणत होता, "बॅकग्राउंड झकास केलंय!" भाई मान डोलवत होते. आतली बाजू असलेली त्यांची पहिली वास्तू, आणि तीही शेवटी मागचा पडदाच झाली. मला फार वाईट वाटलं. तसं दाखवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी म्हणाले, "सकाळी नऊला लॉन रिकामं हवं."

सकाळी भाई पाने-पकडी घेऊन आले, तर कौशल्याआजी काठी टेकून बुरुजाशी उभ्या.

"मला वर जायचंय," त्या म्हणाल्या. "आता गर्दी नाही."

पायरीवर पाठमोऱ्या बसून, एकेक पायरी वर सरकत त्या चढल्या. भाई खालून हात पुढे धरून. त्यांच्यामागे मी, कारण त्या पडल्या असत्या तर निस्तरायचं मलाच होतं.

वर त्यांनी सगळं विचारलं. ते लोक झोपायचे कुठे? पाणी कुठून आणायचे? भाई घरमालकाच्या थाटात दाखवत होते. मग आजी चुलीपाशी गेल्या, वाकल्या, धुराड्यात हात घालून बोटं बघितली.

"रोजची पेटती चूल दिसतेय," त्या म्हणाल्या.

भाई नुसतेच हसले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आजी खिडकीतल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी भिंतीवर टकटक केलं. पोकळ वाजलं.

"आजी, तिकडची भरीव असते, दगडाची," भाई घाईने म्हणाले. "माणूस आडवा झोपेल एवढी जाड."

"मग ऊब धरत असेल. आमच्या पोरीला थंडी सोसत नाही."

श्रद्धा तिकडे फ्लॅटमध्ये राहते आणि तिथे हीटर आहे, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी गप्प बसले, आणि हे माझ्या हातून फारसं घडत नाही.

फाटकाशी पुढच्या लग्नाच्या टेम्पोने हॉर्न वाजवला. नऊ कधीच वाजून गेले होते. मी खिडकीच्या फटीला तोंड लावून ओरडले, "थांबा जरा! घरात माणसं बसली आहेत."