मिठाच्या काचेला चंदन

१३ ऑक्टोबर १९९४, गुरुवार. आयुधपूजा. सकाळी ऊन, दुपारी ढग. दुकानदारांनी तराजूंना गंध लावलं, ऑटोवाल्यांनी रस्त्यात कोहळे फोडले. कॉलेजात वासुकीच्या यंत्राला चंदन लावलं आणि ते यंत्र कामातून गेलं.

वासुकी माझी पुतणी. आईबाप गेल्यापासून राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्याजवळच राहते आणि इथल्या एका खासगी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. जमीन आणि ढग रात्रंदिवस उष्णता वर सोडत असतात. ती डोळ्यांना दिसत नाही. ढगांच्याही खूप वर ती किती उरते, हे मोजायचं यंत्र तिनं बनवलं. हैदराबादहून या हिवाळ्यात सुटणाऱ्या मोठ्या फुग्यात त्याला जागा मिळाली होती. उद्याच्या गाडीनं ती निघणार होती.

साध्या काचेतून ही उष्णता आत जात नाही, म्हणून यंत्राची खिडकी मिठाच्या स्फटिकाची. पावसाळाभर आतली खोली दिव्यानं तापवून कोरडी ठेवत तिनं ती घासली. मी जवळ गेले तर श्वासाची वाफ लागू नये म्हणून तोंडावर पदर धरायला लावी.

कॉलेजचे सेक्रेटरी प्रतापसिंहराव आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या इथं दक्षिणेत राहिलेले मराठी. गंध यंत्राच्या पेटीला बाहेरून लावा, पेटी उघडू नका, असं त्यांना बजावून वासुकी घरच्या पूजेला आली. तिची पाठ वळताच प्रतापसिंहरावांनी पेटी उघडवली, कारण फोटोवाला आला होता. यंत्र ओल्या फडक्यानं पुसलं, आणि त्या गोल खिडकीवर मधोमध चंदन, वर कुंकू. पाण्यात मीठ विरघळतं हे कळायला कॉलेज चालवावं लागतं का? वासुकी परत गेली तेव्हा खिडकी दह्यासारखी पांढरी झाली होती.

संध्याकाळी हा गृहस्थ प्रसादाचं सुंडल, खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, घेऊन आमच्या दारात!

"काय गं वासुकी, देवाच्या चंदनानं बिघडणारं यंत्र आकाशात काय टिकणार?"

"तिथं ओलं फडकं घेऊन कुणी नसतं, सर."

"बरं, जाऊ दे. आता परदेशी माल सगळा खुला झालाय, पुढच्या वर्षी तयारच मागवू. हैदराबादला सांग, काम पुरं झालं नाही. कॉलेजचं नाव मध्ये कशाला?"

"काम पुरं झालं होतं," मी म्हणाले. "तुम्ही त्याची वाट लावलीत."

"वहिनी, तिची नोकरी माझ्या हातात आहे, ध्यानात ठेवा."

"ठेवते. हे सुंडलही न्या परत."

वासुकी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. मी मागोमाग. फुग्याचं काम बघणाऱ्या हैदराबादच्या साहेबांच्या घरी फोन लावून तिनं घडलं तसं सांगितलं. पेटी कुणी उघडवली, तेही नावासकट. नवी खिडकी व्हायला काही महिने लागतील. फुगा तेवढा थांबणार नाही. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल, असं ते म्हणाले.

फोन ठेवून ती म्हणाली, "काकू, चंदन म्हटल्यावर ते हसले गं."

मला बूथचं दार आपटावंसं वाटलं. आपटलंच. बूथवाला बघत राहिला.

वासुकी जेवली नाही. तिच्या वाटणीच्या भातात सकाळच्या न्याहारीसाठी पाणी घालून ठेवलं.