पायांवरून घेतलेली सायकल

टेप सदा गळ्यात. जेवतानाही.

समोर माणूस आला की आधी पायांकडे बघायचं, मग तोंडाकडे.

चहा बशीत ओतून गार करायचा, आणि परत कपात ओतून प्यायचा.

सुई हरवली तर सुईला रागवायचं, स्वतःला नाही.

गिऱ्हाइकाची कंबर वाढली असली तर ‘कापड आटलंय’ म्हणायचं.

सायकलवर बसण्याआधी उजव्या पायाची पँट कपड्यांच्या चिमट्यानं आवळायची. उतार लागला की ‘सरका, सरका’ असं ओरडायचं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी.

या पँटवाल्या काकू. गेल्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी त्या मशीनवर बसल्या बसल्या गेल्या. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मशीनचा आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, दोरा तुटला असेल.

तळमजल्यावर त्यांची एक लांबट खोली आहे. मधे लाकडी फळ्यांची छातीइतकी आडभिंत. रस्त्याच्या बाजूला काकांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल, मागे काकूंचं मशीन, कापायचा ओटा आणि इस्त्री. काका डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले असतात. काकू फक्त पँटी शिवत. कुणी शर्टाचं कापड घेऊन आलं तर म्हणत, “कमरेच्या वरचं खातं माझ्याकडे नाही.” माझ्या उंचीला बाजारातल्या पँटी पुरत नाहीत, त्यामुळे आमची ओळख पहिल्याच आठवड्यात झाली. मी जिना उतरत होते. त्यांनी खालूनच विचारलं, “अगं, पाण्यातून चालून आलीस का?” माझी पँट घोट्याच्या वर होती.

काकूंना जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्मा लावला की शिलाई वाकडी दिसते, अशी त्यांची तक्रार. म्हणून सुईत दोरा ओवायचं काम काकांचं. काकू फळीवर टकटक करत. काका भिंग डोळ्यावर तसंच ठेवून उठत, दोरा ओवत आणि जागेवर जात. एक अक्षर बोलणं नाही. दिवसातून कितीदा तरी.

काकू सायकल शिकल्या त्या उतारवयात, गुडघे आखडायला लागले म्हणून. गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे. दुकानदाराला सगळे ‘पान्हा’ म्हणतात, कारण एखादा पाना त्याच्या खिशात कायम असतो. त्यानं काकूंना छोट्या फ्रेमची डोंगरी सायकल दिली. जाड टायर, रुंद हँडल. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण गावाबाहेरच्या तलावापर्यंत जायचो. वाट दगडगोट्यांची, शेवटी एक दमवणारा चढ. काकू सगळ्यांच्या मागे, पण न उतरता यायच्या. वर पोचल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: “हे आपले घरी वाकून बसलेत.”

त्यांना काकांना तिथे आणायचं होतं. काकांची पाठ दरवर्षी थोडी थोडी गोल होत होती, आणि ते काकूंना रोज दिसत होतं. म्हणून वाढदिवसाला सायकल द्यायची, तीही न सांगता, असं त्यांनी ठरवलं.

दुकानात मी त्यांच्याबरोबर होते. भिंतीवर तक्ता होता. एवढ्या उंचीला छोटी फ्रेम, एवढ्याला मधली, एवढ्याला मोठी. काकांची उंची बरोबर मधली आणि मोठी यांच्या सीमेवर येत होती.

“वहिनी, अशा माणसाला बसवूनच बघावं लागतं,” पान्हा म्हणाला. “घेऊन या त्यांना.”

“मग गंमत काय राहिली?”

“गंमत नंतर करा. आधी बूड टेकू दे.”

“अरे, लग्न झाल्यापासून त्यांच्या पँटी मी शिवतेय. मला माप विचार. झोपेतून उठवून विचार.” त्यांनी आकडा सांगितला. “लांब पायांचा माणूस आहे. मोठीच दे.”

पान्ह्यानं माझ्याकडे बघितलं. मी तक्त्याकडे बघितलं. मोठी फ्रेम घरी आली.

काका हरखले. पहिल्या रविवारी तलावावर पोचल्यावर त्यांनी शीळ घातली. ती कुणी घातली हे बघायला काकूंनी मान वळवली, आणि नवराच निघाला. त्या दिवशी घरी येईपर्यंत त्या सगळ्यांना सांगत होत्या, “ऐकलंत ना? ऐकलंत ना तुम्ही?”

पुढच्या रविवारांमध्ये काका मधेच थांबून उजवा हात झटकायला लागले. काकू मागून ओरडायच्या, “अहो, माशा हाकलताय का?” काका हसायचे. आम्हीही हसायचो.

दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी काकूंनी फळीवर टकटक केलं. काका आले. दोरा सुईच्या बाजूनं गेला. परत गेला. काका म्हणाले, उजेड कमी आहे. काकूंनी दिवा लावला. दोरा तिसऱ्यांदा बाजूनं गेला. काकूंनी सुईकडे बघणं सोडून त्यांच्या हाताकडे बघितलं. करंगळी आणि शेजारचं बोट वेगळं पडल्यासारखं बाहेर राहिलं होतं. चिमटीत दोरा थरथरत होता.

“काय झालंय हाताला?”

“काही नाही. मुंग्या येतात.”

“कधीपासून?”

काकांनी दोऱ्याचं टोक ओलं करायला तोंडाशी नेलं.

“सायकलपासून?”

“तू इतक्या हौसेनं आणलीस,” काका म्हणाले.

“म्हणजे मी हौसेनं विष आणलं असतं तर?”

“तेही प्यायलो असतो. स्वयंपाक तुझाच आहे.”

एरवी काकू यावर हसल्या असत्या. त्या उठल्या आणि काकांच्या टेबलाशी गेल्या. टेबलाखाली जुनी चादर पसरलेली होती. तिच्यावर बारीक स्क्रू पडले होते. काका ते पाडत होते आणि संध्याकाळी लोहचुंबकानं गोळा करत होते. हे घरात फक्त त्यांनाच माहीत होतं.

डॉक्टरांनी तळहाताची कड दाबून बघितली. तिथली नस दबली आहे, म्हणाले. त्या नसेवर ती दोन बोटं चालतात, चिमटीची ताकदही. हँडलवर अंगाचा भार येतो का, असं त्यांनी विचारलं. काकांनी काकूंकडे बघत ‘थोडासा’ म्हटलं. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद. नस मोकळी झाली तर ठीक. दाब चालूच राहिला तर ताकद परत येईलच असं नाही.

घड्याळजीला हे ऐकवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. काका मात्र घरी येऊन शांतपणे म्हणाले, “मिटलं. सायकल विकून टाकू.”

“हात बरा व्हायला हवा,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही परत तलावावर यायलाही हवं.”

“दोन्ही कसं जमायचं?”

“ते माझ्यावर सोडा.”

“तुझ्यावरच सोडलं होतं,” काका म्हणाले. ते रागात नव्हते. पण काकूंना ते लागलं.

मग उसवून शिवणं सुरू झालं. डॉक्टरांनी चालवायला मनाई केली होती, बसायला नाही, असा काकूंनी अर्थ काढला. मागच्या अंगणात सायकल भिंतीला टेकवून त्या काकांना वर बसवत आणि एका बाजूला उभ्या राहून बघत. ट्रायलला आलेल्या माणसाकडे बघतात तशा, मान तिरकी करून. काकांचे हात सरळ ताणलेले, खांदे कानांपाशी. काकूंनी सीट पुढे सरकवली. हात जरा सैलावले, पण पेडल मारताना गुडघे दुखायला लागले. सीट पुन्हा मागे गेली. मग हँडल आणि पुढचा पाइप जोडणारा दांडा बदलून आखूड घातला. तरीही कोपरं वाकेनात. हँडल उंच केलं. खांदे आणखी वर गेले.

पान्हा अंगणात येऊन बघून गेला. “वहिनी, सीट पुढेमागे करायची ती पायांसाठी. हात पोचत नाहीत म्हणून सीट हलवायची नसते.”

“मग हातांसाठी काय हलवायचं?”

“थोडंफार हँडल. बाकी फ्रेम.”

“फ्रेम बरोबर आहे. पाय बघ की, कसे सुरेख बसलेत.”

“पाय सुरेखच आहेत. पण माणूस काय नुसता पायांचा असतो?”

काकू त्याच्यावर खेकसल्या. तो गेला. नंतर बराच वेळ त्या अंगणातच उभ्या होत्या. काका सीटवर कंटाळून बसले होते. त्यांनी शर्टाच्या बाह्या नेहमीप्रमाणे दोन घड्या घालून वर केल्या होत्या. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी एक बाही खाली सोडली. कफ बोटांच्या पेरांपर्यंत आला. दुसरी सोडली. तीही तशीच.

“या बाह्या तुम्ही का दुमडता?”

“लांब होतात.”

“मला वाटायचं कामासाठी.”

“तयार शर्ट सगळेच लांब होतात. आधीपासून.”

काकूंनी गळ्यातला टेप काढला. खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं, मग मानेपासून कमरेपर्यंत. मला वाटतं, त्या माणसाच्या कमरेच्या वर तो टेप पहिल्यांदाच गेला असावा. काका लांब पायांचे आहेत. धड आखूड आहे, हात आखूड आहेत. उंची सीमेवर येते ती सगळी पायांमुळे. मोठी फ्रेम पायांना पुरत होती आणि पुढे हँडलपर्यंत लांबच लांब पडत होती. तेवढं अंतर काका तळहातांवर रेलून भरून काढत होते.

“सांगायचं नाही का हो इतकी वर्षं?”

“काय सांगायचं? हात आखूड आहेत म्हणून?”

काकूंनी टेप परत गळ्यात घातला. “कटिंगच चुकलंय,” त्या म्हणाल्या. “याला शिलाई काय करणार?”

त्याच संध्याकाळी त्या काकांना हाताला धरून पान्ह्याकडे घेऊन गेल्या. मधली फ्रेम. पान्ह्यानं पेडल खाली नेलं, टाच टेकवून बघितली, सीट वर केली, आणखी वर केली. सीटची नळी एवढी बाहेर आली की सायकल बगळ्यासारखी दिसायला लागली. काका वर बसले. हात हँडलवर ठेवले. कोपरं आपोआप वाकली. खांदे खाली उतरले.

“दिसतंय विचित्र,” काकू म्हणाल्या.

“दिसायला हवी असेल तर आधीचीच झकास होती,” पान्हा म्हणाला.

“बोल, बोल. आज तुझा दिवस आहे.”

“कसं वाटतंय, काका?”

काकांनी हँडलवरून बोटं उचलली, हलवली, परत ठेवली. “भार नाही,” म्हणाले.

मोठी सायकल माझ्याकडे आली. “हिचे हात बघ, गुडघ्यांपर्यंत येतात. हिलाच दे,” असं काकूंनी पान्ह्याला सांगितलं, आणि तसंच झालं.

काकांना पुढचे बरेच दिवस नुसती बघायलाच मिळाली ती मधली सायकल. आधी अंगठीच्या बोटातल्या मुंग्या गेल्या. मग चिमटी घट्ट व्हायला लागली. एके दिवशी टकटक झाली, काका उठले आणि दोरा सुईतून गेला. काकूंनी मशीन सुरू केलं. मी जिन्यात होते. थोड्याच वेळात मशीन थांबलं, आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. करंगळीचं टोक अजून बधिर होतं. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू चालवा. हात सांगेल तसं.

सीट उंच, तर हँडलही उंच हवं. पान्ह्यानं पुढच्या पाइपावर, हँडलच्या दांड्याखाली काळ्या बांगड्यांसारख्या कड्या घातल्या होत्या. जितक्या कड्या खाली, तितकं हँडल वर. हे एकदा ठरलं की वरचा जादा पाइप करवतीनं कापून टाकतात. पान्हा लगेच कापणार होता. काकूंनी त्याचा हात धरला.

“आत्ता नाही. कापलेलं परत जोडता येत नाही. आधी यांच्या हाताला काय ते ठरवू दे.”

मग रविवारचा नवा क्रम सुरू झाला. पहिल्यांदा हँडल सगळ्यात वर. हात छान, पण तलावाच्या चढावर पुढचं चाक उचलायला लागलं, आणि काका घाबरून उतरले. वर जाऊन काकूंनी खिशातून पाना काढला. दांडा सैल केला, खालची एक कडी काढून वर घातली, आवळलं. “आता बघा.” पुढच्या रविवारी काकांनी पूर्ण चढ चढला, पण पुढचं चाक अजून हलकंच होतं. आणखी एक कडी खालून वर गेली. त्यानंतरच्या रविवारी चाक जमिनीला धरून राहिलं. काकूंनी वर पोचल्या पोचल्या काकांची करंगळी दाबली.

“लागतंय?”

“लागतंय.”

“दुखतंय का विचारत नाही. कळतंय का?”

“कळतंय म्हणतोय ना. नख लावलंस.”

काकूंनी पाइपाकडे बघितलं. खाली अजून एक कडी होती. “ही एक काढून बघू,” म्हणाल्या. “पुढच्या रविवारी. जमलं तर हेच पक्कं, नाही तर परत खाली घालायची. मग पान्ह्याला सांगते कापायला.”

मधे गुरुवार आला.

काल पान्हा करवत घेऊन आला होता. त्याच्या मनात चांगलंच होतं. वर आलेल्या पाइपाचं टोक एखाद्या दिवशी छातीत बसेल, म्हणाला. काकांनी त्याला चहा दिला. करंगळीचं विचारलं तर म्हणाले, बरी आहे. मग पान्ह्यानं दांड्याखालची कडी बोटानं फिरवून विचारलं, “ही काढायची की ठेवायची?”

“ती काढून बघायची राहिली,” काका म्हणाले.

पान्ह्यानं करवत पिशवीत परत ठेवली. कडी खालीच आहे. पाइप तेवढाच वर आहे.