दहा मिनिटं पुढं

आज हदगावच्या बाजारात जुन्या घड्याळात सेल टाकून घेतला, दुकानदारानं वेळ अगदी बरोबर लावून दिली, आणि मला एका परक्या बंदरावरची टेकडी आठवली. मी तेव्हा जहाजावर नवीन होतो. टेकडीच्या माथ्यावर दगडी बुरूज होता आणि त्यावरच्या खांबाला मोठा काळा गोळा. पूर्वी ठरल्या वेळी तो गोळा खाली सोडायचे, तो बघून बंदरातली जहाजं आपली घड्याळं लावून घ्यायची. भर समुद्रात आपण नेमके कुठं आहोत हे त्या घड्याळावरूनच कळायचं. आता तो फक्त बघ्यांसाठी सोडतात. खारट वारा सुटला होता. गोळा घसरला तशी सगळ्यांनी मनगटं वर केली. माझं घड्याळ दहा मिनिटं पुढं निघालं. सोबतचा खलाशी हसत ते नीट करायला आला, मी हात मागं घेतला. एसटी चुकू नये म्हणून आईनंच ते पुढं करून दिलं होतं. बंदर बदललं की मी काटे फिरवायचो, ती दहा मिनिटं मात्र तशीच ठेवायचो. तिथूनच तिला फोन लावून सांगितलं. "ऱ्हाऊ दे पुढंच," ती म्हणाली, "तिथं एसटी हाय का?" "न्हाई, आई." "मग येशील कशानं?" पुढं ती गेल्याचा निरोप आला तेव्हा जहाज भर समुद्रात होतं, मातीला पोचलो नाही. आत्ता स्टँडवर बसून मी काटा पुन्हा पुढं सरकवलाय. गाडीला अजून लई वेळ आहे.