डेट्रॉइटकाका उभे राहायचे

टीव्हीवर हॉकीच्या मॅचआधी अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं, की डेट्रॉइटकाका चहाचा कप खाली ठेवून छातीवर हात धरून उभे राहायचे. माणूस मूळचा वसईचा, राहायला कॅनडातल्या हॅमिल्टनला, कामाला इथल्या स्टीलच्या कारखान्यात. आणि उभा कुणासाठी, तर अमेरिकेसाठी! आम्ही शेजारची मराठी मंडळी फिदीफिदी हसायचो. कॅनडाच्या गीतालाही ते उठायचे, पण हात छातीवर जायचा नाही. "बसा हो, चहा गार होतोय," असं त्यांची बायको, आमची मावशी, दर वेळी म्हणायची. ती स्वतः कधी उठली नाही.

अमेरिकेनं आपल्याला घर दिलं, पासपोर्ट दिला, हे काका भेटेल त्याला ऐकवायचे. आधी अमेरिकेत, डेट्रॉइटला असताना आपल्या मुलाला, लहानग्या रॉनीलाही शेजारी उभं करून त्याचा हात छातीवर ठेवायचे. मग व्हिएतनामचं युद्ध पेटलं, रॉनी सक्तीच्या लष्करभरतीच्या वयाचा झाला, आणि हाच माणूस बायकोपोराला घेऊन सीमेवरच्या पुलावरून इकडे कॅनडात निघून आला. देशावर जीव होता, पण एकुलता एक पोरगा द्यायचा नव्हता. मला त्यात काही खोट दिसली नाही, आजही दिसत नाही.

रॉनीला दिसली. एका रविवारी जेवताना, आमच्यादेखत, त्यानं परत जाऊन सैन्यात भरती होणार असल्याचं सांगितलं. काका आधी ओरडले, मग विनवायला लागले. तिकडची किती मुलं उलट इकडे पळून येताहेत, तेही सांगून झालं. रॉनीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. "डॅडी, यू टॉट मी टू स्टँड," एवढंच तो म्हणाला.

तो पेटीतून परत आला. डेट्रॉइटच्या दफनभूमीत सैनिकांनी तिकोनी घडी केलेला झेंडा मावशीच्या मांडीवर ठेवला.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे बसले होते. मॅच लागली, ते गीत सुरू झालं. मी सवयीनं काकांकडे पाहिलं. ते कप हातात धरून बसूनच राहिले. मावशी मात्र स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. "माझ्या रॉनीसाठी," ती म्हणाली.

गीत संपल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी शिकवलं गं. आणि तो शिकला."